सवलत, बचत आणि बरकत
ऑनलाइन व दुकानातील सवलती एकत्र घेताना शरीअतचे मार्गदर्शन



शाबान महिन्यातील गोष्ट आहे. असरच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक वयस्कर गृहस्थ मशिदीतच थांबून राहिले. सर्व लोक गेल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "मौलाना, मुलांसाठी ईदचे कपडे घेतले. चार हजारांचे कपडे तीन हजार साठ रुपयांत मिळाले. पण घरी आल्यापासून धाकटी मुलगी एकच प्रश्न विचारते आहे आणि मला उत्तर देता येत नाही."

"काय विचारते, चाचा?"

"ती म्हणते, अब्बा, भाईजानचे कूपन तुम्ही कसे काय वापरले?"

हकीकत अशी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका कापड दुकानाची स्वतःची वेबसाइट आहे. मोबाईलवर मागणी नोंदवायची, दुकानात जाऊन कपडे अंगाला लावून पाहायचे आणि तिथेच पैसे भरून घेऊन यायचे, अशी सोय त्या दुकानाने केली आहे. वेबसाइटवर विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के सवलत होती आणि दुकानात ईदनिमित्त उरलेल्या रकमेवर आणखी १० टक्के. दोन्ही सवलती एकत्र घेता येतात, असे दुकानाच्या नियमांतच लिहिले होते. मात्र विद्यार्थी सवलत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खरेदीपुरती होती. चाचांनी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याच्या खात्यावरून मागणी नोंदवली आणि दोन्ही सवलती घेतल्या.

त्या मुलीचा प्रश्न लहान होता. पण आज आपल्यापैकी प्रत्येक घराला तो लागू पडतो. आता बाजार खिशात आला आहे. कूपन, कॅशबॅक, एक्स्चेंज, बँक ऑफर, दुकानाचे सदस्यत्व, जमा झालेले पॉइंट अशा अनेक वाटांनी किंमत कमी होते. महागाईच्या दिवसांत चार पैसे वाचवणे ही घर चालवणाऱ्यांची गरज आहे. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी समजून घेऊ या. सवलतीचे शरई स्वरूप काय, ती शहाणपणाने कशी घ्यावी आणि वाचलेला रुपया हलाल राहावा यासाठी कोणत्या कसोट्या पाळाव्यात.

१. सवलतीचे शरई स्वरूप

पवित्र कुरआनच्या सूरह निसाच्या २९व्या आयतीत श्रद्धावंतांना असा आदेश आहे की, त्यांनी एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नये. परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार मात्र वैध आहे. या आयतीतील 'राजीखुशी' हा आजच्या पाठाचा पाया आहे. वस्तूची किंमत विक्रेत्याच्या संमतीने ठरते, तशीच तिच्यात होणारी घटही त्याच्या संमतीनेच होते.

फिकहच्या ग्रंथांत विक्रेत्याने ठरलेली किंमत कमी करणे याला 'हत्त' म्हणतात. हनफी फिकहचा प्रसिद्ध ग्रंथ 'हिदाया' यानुसार ही घट वैध आहे आणि ती मूळ करारालाच जोडली जाते. म्हणजे कमी झालेली किंमत हीच त्या वस्तूची खरी किंमत ठरते. करार पक्का झाल्यानंतर दिलेल्या सुटीला शाफई फिकहमध्ये विक्रेत्याने केलेली माफी मानले जाते. आपल्याकडे देशावर बहुतांश हनफी आणि कोकणात बहुतांश शाफई बांधव आहेत. या बाबतीत दोघांसाठी निष्कर्ष एकच निघतो. विक्रेता आपल्या खुशीने किंमत कमी करत असेल तर ती सवलत घेणे वैध आहे. त्याने एका ऐवजी दोन सवलती दिल्या, एक मोबाईलवर आणि दुसरी दुकानात, तरी हुकूम बदलत नाही.

भाव करण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भाव केलेला आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या उंटाचा प्रसंग आलेला आहे. एका मोहिमेवरून परतताना त्यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषितांनी (स.) दुआ केली, उंट वेगाने चालू लागला आणि मग प्रेषितांनी (स.) तो विकत मागितला. भाव झाला, सौदा ठरला. मदीनेपर्यंत आपण त्याच उंटावर बसून जाऊ, अशी अट जाबिर (रजि.) यांनी घातली आणि ती मान्य झाली. मदीनेत पोचल्यावर ह. बिलाल (रजि.) यांना किंमत तोलून देण्यास व थोडे अधिकच देण्यास सांगण्यात आले. जाबिर (रजि.) पैसे घेऊन निघाले, तेव्हा त्यांना परत बोलावून तो उंटही त्यांनाच देण्यात आला.

या एका प्रसंगात व्यवहाराचे तीन धडे आहेत. भाव करणे जाईज आहे. ठरलेली अट, मग ती लहान का असेना, पाळायची असते. आणि देण्याची वेळ आली की हात सैल सोडायचा असतो. आपण यातील पहिला धडा चांगला पाठ केला आहे. उरलेल्या दोन धड्यांची उजळणी व्हायला हवी.

२. काटकसर आणि उधळपट्टी यांमधील वाट

सूरह फुरकानच्या ६७व्या आयतीत अल्लाहच्या प्रिय दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते खर्च करताना उधळपट्टीही करत नाहीत आणि कंजुषीही करत नाहीत. त्यांचा खर्च या दोन टोकांच्या मधोमध असतो. सूरह बनी इस्राईलच्या २७व्या आयतीत तर उधळ्या माणसांना शैतानाचे भाऊ म्हटले आहे.

आता सवलतीचा विचार करा. सवलत ही काटकसरीचे साधन आहे. पण तीच उधळपट्टीचे दारही होऊ शकते. दोन हजारांची वस्तू बाराशेला मिळाली आणि ती घरात लागणारच होती, तर आठशे रुपये वाचले. ती लागणार नव्हती, तर बाराशे रुपये गेले. 'एकावर एक मोफत'मधील दुसरा सदरा कपाटात पडून राहिला, किंवा 'आणखी दोनशेची खरेदी करा आणि घरपोच मोफत मिळवा' या ओळीसाठी चाळीस रुपये वाचवायला आपण दोनशे रुपयांचे नको ते सामान घेतले, तर त्या हिशेबाला बचत कसे म्हणावे?

ग्रंथांत एक प्रसंग आलेला आहे. खलीफा ह. उमर (रजि.) यांनी ह. जाबिर (रजि.) यांना बाजारातून मांस घेऊन जाताना पाहिले. मांस खाण्याची इच्छा झाली म्हणून घेतले, असे कळल्यावर उमर (रजि.) यांनी त्यांना टोकले, केवळ इच्छा झाली म्हणून खरेदी करण्याची सवय बरी नव्हे, असा त्याचा आशय होता. मांस हलाल होते, पैसेही जाबिर (रजि.) यांचेच होते. तरीही इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये माणसाने क्षणभर थांबावे, असे त्या थोर खलीफांना वाटले. आजचा मोबाईल तो क्षणच नाहीसा करतो. मध्यरात्री अंथरुणात पडून, एका बोटाच्या स्पर्शाने वस्तू विकत घेतली जाते.

३. सवलती जोडण्याचा हिशेब

शरीअतने व्यवहारात डोळसपणा अपेक्षिला आहे. म्हणून काही व्यावहारिक बाबी येथे मांडतो.

पहिली बाब, यादी आधी आणि मोबाईल नंतर. घरातील सर्वांनी बसून काय हवे ते कागदावर लिहावे, प्रत्येक वस्तूसमोर आपल्याला झेपणारी रक्कम लिहावी आणि मगच बाजार पाहावा.

दुसरी बाब, 'कमाल किरकोळ किंमत' म्हणजे वस्तूचा भाव नव्हे. वेष्टनावर छापलेली ही किंमत सर्व करांसह कायद्याने घालून दिलेली वरची मर्यादा असते. तिच्यापेक्षा कमी दराने दुकानदार नेहमीच विकू शकतो. म्हणून 'छापील किमतीवर ६० टक्के सूट' या वाक्याने बचत सिद्ध होत नाही. तीच वस्तू, तोच आकार, तेच मॉडेल गावातील दुकानात प्रत्यक्ष कितीला मिळते, त्याच्याशी तुलना केली की खरी बचत कळते. किराणा मालात पाकिटाच्या किमतीपेक्षा प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर दर पाहावा. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही.

तिसरी बाब, टक्क्यांची बेरीज होत नाही. २० टक्के आणि त्यावर १० टक्के म्हणजे ३० टक्के नव्हेत. २,००० रुपयांवर पहिली सवलत ४०० रुपये, उरले १,६००. त्यावर दुसरी सवलत १६० रुपये, उरले १,४४०. एकूण सूट ५६० रुपये, म्हणजे २८ टक्के. शिवाय '१० टक्के, कमाल २०० रुपये' अशी मर्यादा बारीक अक्षरांत असते. पाच हजारांच्या खरेदीवर ती सवलत प्रत्यक्षात ४ टक्केच होते.

चौथी बाब, दोन्ही बाजारांचे गुण एकत्र आणावेत. भाव आणि इतर ग्राहकांचे अनुभव मोबाईलवर पाहावेत. कापडाचा पोत, बुटाचे माप, भांड्याची जाडी दुकानात पाहावी. वेबसाइटवर मागणी नोंदवून दुकानातून माल उचलला तर घरपोच पाठवण्याचा खर्च वाचतो आणि वस्तू पसंत नसेल तर तिथेच बदलता येते. दुकानाचे सदस्यत्व, त्याचे पॉइंट आणि चालू सवलत एकत्र लागू होतात का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात लाज नाही.

पाचवी बाब, वेळ. आपली ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे येते. दुकानांचे हंगामअखेरचे सेल मात्र इंग्रजी महिन्यांप्रमाणे लागतात. रमजान उन्हाळ्याच्या आधी येतो त्या वर्षांत हिवाळ्याच्या शेवटचा सेल रजब-शाबानमध्येच पडतो. तेव्हाच कपडे घेतले तर पैसा वाचतो आणि त्याहून मौल्यवान अशा रमजानच्या शेवटच्या दहा रात्रीही वाचतात. ज्या रात्रींत लैलतुल कद्र शोधायची, त्या रात्री आपण मुंबईत मोहम्मद अली रोडवर आणि मालेगाव-भिवंडीच्या बाजारात गर्दीत घालवतो. कोणत्या सवलतीने ही हानी भरून निघेल?

४. पहिली कसोटी : सत्य

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांतील हदीसचा आशय असा की, मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतात. हलालला हराम किंवा हरामला हलाल करणारी अट मात्र याला अपवाद आहे. कूपनखाली लिहिलेले नियम ही अटच होय. 'मला मान्य आहे' या चौकोनावर खूण करताना आपण ती स्वीकारत असतो.

विद्यार्थ्याच्या खरेदीसाठी असलेली सवलत इतराने घेतली, तर तेथे विक्रेत्याची राजीखुशी उरत नाही; कारण त्याने संमती विद्यार्थ्याला दिली होती. 'पहिल्या खरेदीवर सूट' मिळवण्यासाठी दुसऱ्या क्रमांकावरून नवे खाते उघडणे, एका कुटुंबाला एक अशी मर्यादा असताना खोट्या पत्त्यांवर चार वेळा माल मागवणे, कॅशबॅकसाठी न वापरलेल्या वस्तूला पाच तारे देणे, जुना मोबाईल बदलून घेताना त्याचा दोष लपवणे, हे सर्व याच सदरात मोडते. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा आहे की, खरेदीदार आणि विक्रेता दोघे खरे बोलले व दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, खोटे बोलले व दोष लपवले तर बरकत पुसली जाते. लक्षात घ्या, येथे केवळ विक्रेत्याचा उल्लेख नाही. खरेदीदाराचे खोटेही बरकत पुसते.

एक वाईट चाल अलीकडे पसरत आहे. ईदच्या दिवशी कपडे घालायचे, लेबल तसेच आत खोचून ठेवायचे आणि आठवड्याने 'माप बसले नाही' म्हणून परत करायचे. ज्या अंगाने ईदची नमाज पढली, त्याच अंगावर अशी फसवणूक असावी, यापेक्षा दुर्दैव ते कोणते? माल परत करण्याची सोय ही न वापरलेल्या मालासाठी असते.

दुकानात भाव करताना बोलले जाणारे खोटेही आपण खोटे मानेनासे झालो आहोत. 'मोबाईलवर हाच नऊशेला आहे' असे म्हणायचे आणि प्रत्यक्षात तो अकराशेला असतो. भाव मागावा, कमी भावासाठी विनंती करावी, परवडत नसेल तर नम्रपणे उठून यावे. खोटा भाव सांगून वाचवलेले दोनशे रुपये मात्र आपले नव्हेत.

वाचकहो, हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवत नाही. शिक्षण घेत असताना एक शब्दकोश मागवताना मीही दुसऱ्या क्रमांकावरून नवे खाते उघडले होते आणि नव्या ग्राहकाची १५० रुपयांची सूट घेतली होती. 'एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?' असे तेव्हा मनाला समजावले. पुढे हेच धडे इतरांना शिकवू लागलो, तेव्हा ते दीडशे रुपये टोचू लागले. कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवले; परंतु रक्कम परत घेण्याची त्यांच्याकडे व्यवस्था नव्हती. अखेर त्याच कंपनीकडून पुढची खरेदी करताना मला रीतसर मिळू शकणारी तेवढीच सवलत मी मुद्दाम सोडली. हक्कदार मोठा आहे म्हणून त्याचा हक्क लहान होत नाही.

५. दुसरी कसोटी : व्याज

सूरह बकराच्या २७५व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज अवैध ठरवले आहे. सवलतींच्या बाजारात व्याज फार मृदू नावाने वावरते. 'नो कॉस्ट ईएमआय' हे त्यातील सर्वांत प्रचलित नाव.

त्याची रचना समजून घ्या. समजा, मोबाईलची किंमत २४,००० रुपये आहे आणि सहा महिने दरमहा ४,००० रुपये भरायचे आहेत. ग्राहकाला वाटते की व्याज नाही. प्रत्यक्षात बँक सुमारे २२,९८४ रुपयांचे कर्ज देते आणि त्यावर, दर १५ टक्के धरल्यास, सुमारे १,०१६ रुपये व्याज आकारते. तेवढी रक्कम विक्रेता 'सवलत' म्हणून आधीच वजा करतो, म्हणून बेरीज २४,००० येते. व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १८३ रुपये, आणि बऱ्याचदा प्रक्रिया शुल्क ग्राहकाला वेगळे भरावे लागते. शून्य टक्के व्याजाची योजना अस्तित्वातच नसते, असे भारतीय रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते. शिवाय हीच सूट रोख घेणाऱ्याला मिळत असेल, तर हप्त्याने घेणारा तेवढी रक्कम गमावतोच. कर्ज बँकेचे, करार व्याजाचा, हप्ता चुकला तर दंडही. नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही.

याच्या उलट, दुकानदार स्वतः हप्ते ठरवून देत असेल, सौदा करतानाच एक किंमत निश्चित होत असेल आणि उशीर झाला म्हणून ती वाढत नसेल, तर बहुसंख्य फुकहांच्या मते असा व्यवहार वैध आहे. मग ती किंमत रोखीच्या भावापेक्षा काहीशी अधिक असली तरी.

क्रेडिट कार्डावरील सवलतीबद्दल लोक विचारतात, "आम्ही मुदतीत पैसे भरतो, व्याज लागतच नाही, मग काय हरकत?" आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाध येथील अधिवेशनात या प्रश्नावर निर्णय दिला. ज्या कार्डाच्या अटींत व्याज आहे ते, मुदतीत पैसे भरण्याचा इरादा असला तरी, वापरणे जाईज नाही, असा त्याचा आशय आहे. डेबिट कार्डाने आपल्याच खात्यातील पैसे देणे वैध आहे. त्यावरील सवलत दुकानदाराकडून मिळत असेल तर अडचण नाही. ती बँकेकडून मिळत असेल तर अनेक उलमा तिच्यापासून दूर राहण्यास सांगतात. कारण खात्यातील ठेव हे बँकेला दिलेले कर्ज मानले जाते आणि कर्जाच्या बदल्यात लाभ घेणे हे व्याजाच्या कक्षेत येते. आपल्या विशिष्ट प्रसंगात जवळच्या विश्वासू मुफ्तींना विचारावे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, रोख पैसे भरणाऱ्याला मिळणाऱ्या सवलती पुष्कळ आहेत. व्याजाच्या दारातून जाण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

६. तिसरी कसोटी : समोरच्या माणसाचा हक्क

मोबाईलवर खरेदी करताना समोर माणूस दिसत नाही. दुकानात तो दिसतो. अर्धा तास दहा जोडी बूट काढायला लावायचे, माप पाहून घ्यायचे आणि बाहेर पायरीवर उभे राहून तोच बूट मोबाईलवर मागवायचा, हे हराम आहे असे म्हणता येणार नाही. वस्तू पाहिली म्हणजे ती घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. परंतु मुळात घ्यायचेच नसताना एखाद्याचे श्रम फुकट वापरणे श्रद्धावंताच्या शीलाला शोभत नाही. त्याऐवजी दुकानदाराला खरे सांगावे, "भाई, मोबाईलवर हा तेराशेला आहे, हे पाहा. तुम्हाला कितीला परवडेल?" अनेक दुकानदार भाव जुळवून देतात. पन्नास रुपये अधिक पडले तरी बिघडल्यावर वस्तू बदलून देणारा, अडीअडचणीला उधार देणारा आणि जनाजाला खांदा देणारा माणूस आपल्याच गावातला असतो.

आणखी एक विसंगती पाहा. मॉलमध्ये छापील किंमत आपण मुकाट्याने भरतो आणि हातगाडीवरच्या भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. ह. जाबिर (रजि.) यांच्याकडूनच बुखारीमध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, विकताना, विकत घेताना आणि येणे मागताना जो उदारपणे वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली. विकत घेणाऱ्याची उदारता म्हणजे काय, याचे उत्तर त्या हातगाडीपाशी शोधावे.

ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा प्रसंग तबरानी यांच्या संग्रहात आहे. त्यांच्या सेवकाने तीनशे दिरहमला एक घोडा घेतला. घोडा अधिक मोलाचा आहे हे पाहून जरीर (रजि.) यांनी मालकाला स्वतःहून किंमत वाढवत नेऊन आठशे दिरहम दिले. प्रत्येक मुसलमानाशी निष्ठेने व हितबुद्धीने वागण्याची शपथ त्यांनी प्रेषितांपाशी (स.) घेतली होती, हे त्यामागील कारण होते. इतकी उंची आपल्याला गाठता येणार नाही. पण ती दिशा नजरेसमोर असू द्यावी.

७. व्यापारी बांधवांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांत अनेक व्यापारी आहेत. सेलच्या आठवडाभर आधी किंमत वाढवून मग ती कापून दाखवणे, 'शेवटचे दोनच नग' असे खोटे लिहिणे, नातेवाइकांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहवून घेणे, हे सर्व टाळावे. खरेदीचा इरादा नसताना दुसऱ्याला भुलवण्यासाठी भाव चढवणे याला 'नजश' म्हणतात आणि ह. इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये त्याची मनाई आहे. खोट्या अभिप्रायांची जातकुळी तीच. देशाच्या कायद्यानेही २०२३ साली 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे आणि शेवटच्या पायरीवर छुपे शुल्क लावणे या प्रकारांना मनाई केली आहे. अशी फसवणूक झाल्यास ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. अन्यायाविरुद्ध दाद मागणे हा हक्क आहे आणि त्यामुळे पुढचा ग्राहकही वाचतो.

८. चाचांचा हिशेब

चाचांना मी म्हणालो, "मुलीचा प्रश्न बरोबर आहे. पण घाबरू नका, हिशेब करू." ईदची १० टक्के सवलत सर्वांसाठी होती, म्हणून ती निःसंशय त्यांची. ती एकटीच घेतली असती तर ४,००० रुपयांचे कपडे ३,६०० रुपयांना पडले असते. त्यांनी दिले ३,०६०. म्हणजे परत करायची रक्कम ५४० रुपये.

"सदका करून टाकू का?" त्यांनी विचारले. मी सांगितले की, हक्कदार माहीत असताना सदका पुरेसा होत नाही. आधी हक्कदाराकडे जायचे. काउंटरवरचा मुलगा 'असू द्या' म्हणाला तरी ती माफी मालकाची ठरत नाही, तेव्हा मालकालाच भेटा. मालकाने खुशीने माफ केले तर ते वैध. मालक सापडणे अशक्यच असेल तर मग सवाबची अपेक्षा न ठेवता ती रक्कम गरजूला द्यावी.

दुसऱ्या दिवशी ते मुलीला सोबत घेऊन दुकानात गेले. मालकाने ऐकून घेतले, ५४० रुपये घेतले आणि नवे बिल करून दिले. त्याने कौतुक केले नाही, माफही केले नाही. तरावीहच्या पहिल्या रात्री चाचांनी मला ते बिल दाखवले. "पैसे गेले, मौलाना, पण पोरीने ते बिल आपल्या कुरआनच्या जुजदानात जपून ठेवले होते. मागून आणले तुम्हाला दाखवायला."

बंधू-भगिनींनो, मुलांना सत्य शिकवण्यासाठी आपण मक्तबची फी भरतो, पुस्तके आणतो. बाजारात, त्यांच्या डोळ्यांदेखत, आपण पाचशे रुपयांसाठी काय करतो, हा त्यांचा खरा पाठ असतो.

पाठाचा सारांश

विक्रेत्याने खुशीने दिलेली सवलत वैध आहे. अटी पाळून अनेक सवलती एकत्र घेणेही वैध आहे. जी वस्तू लागणारच नव्हती, तिच्यावरील सवलत ही बचत नव्हे. खोटे बोलून किंवा अट मोडून घेतलेली सवलत परत करावी. व्याजाच्या करारावर उभी असलेली सवलत टाळावी. समोरच्या माणसाचे श्रम आणि मान जपावा. आणि प्रामाणिकपणे जे वाचेल, त्यातील काही भाग ज्यांना सवलतीतही खरेदी परवडत नाही त्यांच्यासाठी ईदपूर्वीच काढून ठेवावा.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१) गेल्या महिन्यात सवलत मिळाली म्हणून घेतलेली आणि अद्याप न वापरलेली वस्तू आपल्या घरात आहे का?
२) ह. जाबिर (रजि.) यांच्या उंटाच्या प्रसंगातील तीन धडे आपल्या खरेदीला कसे लागू करता येतील?
३) १,५०० रुपयांवर १० टक्के आणि उरलेल्या रकमेवर २० टक्के सूट मिळाल्यास किती रुपये द्यावे लागतील? मुलांना हा हिशेब करू द्यावा.
४) आपल्याकडे एखाद्या दुकानदाराचा न फेडलेला हक्क राहिला आहे का?

अल्लाह तआला आपल्या कमाईत आणि खर्चात हलालची जाणीव जागी ठेवो, थोड्यातही बरकत देवो आणि आपल्या मुलांसमोर आपल्याला खरे ठरवो. आमीन.